मैदान भरलेलं असतानाच कागद बघा : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना ब्लॅकपूलहून खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व फुटबॉल तालीम मंडळांचे पदाधिकारी, खेळाडू, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसणारे प्रेक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची. गेली बारा वर्षं इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाच्या गावात राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माहेरची तालीम कोणती ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र एका पेठेसाठी नाही. एवढंच सांगते की आमच्या संघाची मॅच असली की वडील दुपारीच दुकानाचं शटर ओढायचे आणि मला सायकलच्या नळीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं.

मागच्या हिवाळ्यात घरी आले होते. एका संध्याकाळी भाऊ आणि त्याचे मित्र कट्ट्यावर बसले होते. पुढच्या हंगामाला कोण मोठा माणूस पैसे घालणार, बाहेरचे किती खेळाडू येणार, यावर बोलणं चाललं होतं. त्यातला एकजण म्हणाला, "पैसा कुणाचा का असंना, कप आपल्या पेठेत याया पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो काही वावगं बोलला असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण नेमक्या याच विचारानं चाललेलं एक अख्खं गाव मी पाहिलंय, आणि त्या विचाराची किंमत ते गाव पाच-सहा वर्षं कशी मोजत होतं तेही पाहिलंय. त्या रात्री मी गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

आधी गावाची ओळख करून देते. ब्लॅकपूल हे गिरणी कामगारांनी मोठं केलेलं गाव. लँकेशरमध्ये कापडाच्या गिरण्या शेकड्यांनी होत्या. वर्षातून एक आठवडा एकेका शहरातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं शहर आगगाडीत बसून इथे समुद्रावर यायचं. या आठवड्याला आपलं ओल्डहॅम, पुढच्या आठवड्याला बर्नली, असं उन्हाळाभर चालायचं. शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी आपल्याकडची पिढी हे लगेच समजेल. त्यांच्यासाठी समुद्रात तीन धक्के बांधले, १८८५ मध्ये ट्राम सुरू झाली, १८९४ मध्ये १५८ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. तो मनोरा अजूनही आहे. हवा स्वच्छ असली की लांबून येताना आधी तोच दिसतो.

इथल्या फुटबॉल क्लबची स्थापना १८८७ च्या जुलैमधली. सेंट जॉन्स नावाच्या स्थानिक संघातली काही मंडळी फुटून बाहेर पडली आणि त्यांनी गावाच्या नावाचा क्लब काढला. एका संघातून फुटून दुसरा संघ निघणं आपल्याला नवीन नाही. १८९६ मध्ये हा क्लब फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लबांच्या साखळी स्पर्धेत गेला. १८९९ मध्ये शेजारच्या साउथ शोअर क्लबशी एकत्र झाला आणि मग ब्लूमफील्ड रोडच्या मैदानावर आला, तो आजपर्यंत तिथेच आहे. अंगावरचा नारिंगी रंग १९२३ पासूनचा. ॲल्बर्ट हारग्रीव्ह्ज नावाचे एक संचालक पंच म्हणून नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या मॅचला गेले होते, तिथे डच खेळाडूंचा रंग त्यांच्या डोळ्यांत भरला आणि ते तो घरी घेऊन आले. इथले लोक त्याला नुसतं नारिंगी म्हणू देत नाहीत, टँजरिन म्हणा असं बजावतात. टँजरिन म्हणजे ते लहान संत्रं.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. १९५३ मध्ये ते आठ वर्षांचे होते. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक जूनमध्ये होणार होता, त्यासाठी गल्लीत एकानं टीव्ही घेतला होता, आणि २ मे रोजी एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या बाद फेरीच्या स्पर्धेची, फायनल बघायला त्या एका खोलीत तीसेक माणसं कोंबली होती. आजोबा जमिनीवर सगळ्यांत पुढे. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही, आणि मला ती दरवेळी ऐकावीशी वाटते.

त्या दिवशी लंडनच्या वेम्बली मैदानावर समोर बोल्टन होता. पहिला गोल खेळ सुरू झाल्यावर सव्वा मिनिटात बसला, नॅट लॉफ्टहाउसचा. तासाभरानंतर बोल्टन ३-१ नं पुढे. ब्लॅकपूल त्याआधी १९४८ आणि १९५१ अशा दोन फायनल हरलेला. उजव्या बगलेत स्टॅन्ली मॅथ्यूज, वय ३८. सगळ्या इंग्लंडला वाटत होतं की या माणसाला एकदा तरी हे पदक मिळावं. शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत मॅथ्यूजनं बोल्टनची ती बाजू पार उघडी पाडली. स्टॅन मॉर्टेन्सननं ६८ व्या मिनिटाला दुसरा गोल केला, ८९ व्या मिनिटाला फ्री किकवर तिसरा, आणि जादा वेळेत मॅथ्यूजच्या पासवर दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या बिल पेरीनं चौथा. ४-३. लोक त्या सामन्याला मॅथ्यूज फायनल म्हणतात. पण तीन गोल मॉर्टेन्सनचे होते आणि मॅथ्यूज स्वतः जन्मभर तेच सांगत राहिले.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. ब्लॅकपूलचे मॅनेजर जो स्मिथ हे पूर्वीचे बोल्टनचे खेळाडू. १९२३ मध्ये वेम्बलीवर पहिली एफए कप फायनल झाली, तेव्हा बोल्टनचा कप्तान म्हणून कप त्यांनीच उचलला होता. तीस वर्षांनी त्याच मैदानावर त्यांनी आपल्या जुन्या संघाला हरवलं. पेठ बदललेल्या माणसाच्या पोटात त्या दिवशी काय होत असेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हंगेरीनं इंग्लंडला ६-३ नं धूळ चारली. फुटबॉलच्या इतिहासात तो सामना इंग्लंडच्या मानहानीचा म्हणून सांगतात. पण त्या दिवशी इंग्लंडच्या अकरा जणांत चारजण एकट्या ब्लॅकपूलचे होते : मॅथ्यूज, मॉर्टेन्सन, एर्नी टेलर आणि हॅरी जॉन्स्टन. दीड लाखही वस्ती नसलेलं हे गाव! १९५६ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डोर पहिल्यांदा दिला गेला, तो मॅथ्यूजना, ते ब्लॅकपूलकडून खेळत असताना. त्याच वर्षी क्लब लीगच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या, गटात दुसरा आला. आणि १९५४ ते १९७१ एवढा काळ जिमी आर्मफील्ड नावाचा राइट बॅक या एकाच क्लबसाठी ६२७ सामने खेळला. तो इंग्लंडचा कप्तान होता, पण दुसऱ्या क्लबचा शर्ट त्यानं कधी घातला नाही. पुढे तो गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मी आले तेव्हा आर्मफील्ड हयात होते. २०१८ च्या जानेवारीत गेले, तेव्हा माझ्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मग घसरण लागली. तिची कारणं कुणा एकाच्या पापात नाहीत. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड. सगळ्यांना सारखंच मिळणार म्हटल्यावर मॅथ्यूजसारखा माणूस समुद्रकाठी राहून खेळत होता. मर्यादा उठली आणि मोठ्या शहरांच्या क्लबांपुढे गावांचं काही चालेना. ॲलन बॉल १९६६ चा विश्वचषक ब्लॅकपूलचा खेळाडू म्हणून जिंकला, आणि पुढच्याच महिन्यात एव्हर्टननं त्याला नेला. १९६७ मध्ये क्लब पहिल्या गटातून खाली आला. १९७० मध्ये वर चढला, १९७१ मध्ये पुन्हा खाली. इकडे गिरण्या बंद पडत होत्या, आणि ज्यांच्या खिशात पैसे उरले ते विमानानं स्वस्तात स्पेनच्या उन्हाला जायला लागले होते. १९८१ मध्ये क्लब चौथ्या गटात, आणि १९८३ मध्ये लीगमध्ये राहू द्या म्हणून इतर क्लबांच्या मतांसाठी उभं राहण्याची पाळी आली.

अशा वेळी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ओवेन ऑयस्टन या व्यावसायिकानं क्लब हातात घेतला. इथे मला न्यायानं बोललं पाहिजे. त्या वेळी क्लब बुडायला आला होता, आणि त्याला तरंगता ठेवला तो याच कुटुंबानं. पडक्या स्टँडच्या जागी नवे स्टँडही त्यांच्याच काळात उभे राहिले. १९९६ मध्ये ओवेन ऑयस्टनना बलात्काराच्या गुन्ह्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. तरी क्लबची मालकी त्यांच्याकडेच राहिली. आधी पत्नी आणि मग मुलगा कार्ल अध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस गावाच्या क्लबचा मालक कसा राहतो, हे मी आजोबांना एकदा विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तेव्हा आम्हाला तो प्रश्न जेवढ्या जोरानं विचारायला हवा होता तेवढा आम्ही विचारला नाही, क्लब जिवंत होता एवढ्यावर समाधान मानलं.

२००६ मध्ये लाटव्हियाचे वालेरी बेलोकॉन पैसे घेऊन आले आणि त्यांनी २० टक्के हिस्सा घेतला. २००७ मध्ये क्लब दुसऱ्या गटात चढला. २००९ मध्ये इयन हॉलोवे मॅनेजर झाले. संघ स्वस्तात जमवलेला, कप्तान चार्ली ॲडम पाच लाख पौंडांच्या आसपास रेंजर्सकडून आणलेला. आणि २२ मे २०१० ला वेम्बलीवर कार्डिफला ३-२ नं हरवून हा संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे आताच्या सगळ्यांत वरच्या गटात गेला. ही मॅच ९ कोटी पौंडांची, असं तेव्हाची वर्तमानपत्रं लिहीत होती. गाव ओस पडलं होतं म्हणतात, सगळेच लंडनला. रात्री समुद्रकाठच्या रस्त्यावर लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडत होते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तो एक हंगाम टीव्हीवर पाहिला असेल. मीही कोल्हापुरात वडिलांच्या शेजारी बसून पाहिला होता, आपण पुढे याच गावात राहणार आहोत याची मला तेव्हा कल्पना नव्हती. पहिल्याच सामन्यात विगनला त्यांच्या मैदानावर ४-०. लिव्हरपूलला दोन्ही वेळा हरवलं. बचाव ठाऊक नसल्यासारखे खेळायचे. त्यांनी ५५ गोल केले आणि ७८ खाल्ले. ३९ गुण झाले, आणि शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर ४-२ नं हरून ते खाली गेले. वडील म्हणाले, अशी पोरं आपल्याकडं पाहिजेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येते. त्या एका वर्षात क्लबला जन्मात मिळाला नव्हता एवढा पैसा आला. त्यातून चांगलं सराव मैदान होईल, पोरांची अकादमी होईल, गावाला वाटत होतं. त्याच वर्षीच्या हिशेबात ओवेन ऑयस्टन यांच्या कंपनीला संचालकाचा मोबदला म्हणून १ कोटी १० लाख पौंड गेलेले निघाले. हे लोकांना कळलं ते नंतर, कागद बाहेर आल्यावर. आणखी पैसा कर्ज म्हणून मालकांच्या इतर कंपन्यांकडे वळला होता. म्हणजे लोक ज्या वर्षी रस्त्यावर नाचत होते, त्याच वर्षी तिजोरी रिकामी होऊ लागली होती. क्लब गरीब असताना लोक दर शनिवारी विचारायचे की पैसे कुठून आणणार. श्रीमंत झाल्यावर पैसे कुठे चालले हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी या गावाकडून शिकले ती गोष्ट हीच.

मी २०१३ च्या शरद ऋतूत इथे आले. २०१४ च्या उन्हाळ्यात हंगाम तोंडावर आला तेव्हा करार झालेले खेळाडू होते आठ, आणि त्यात गोलकीपर एकही नव्हता. त्या वर्षी ४६ सामन्यांत फक्त ४ विजय. ज्यांनी इंटरनेटवर मालकांविरुद्ध लिहिलं, त्यांतल्या काहींवर अब्रूनुकसानीचे दावे झाले. क्लबचा मालक स्वतःच्या क्लबच्या प्रेक्षकाला कोर्टात खेचतो, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तुमच्या तालमीचा अध्यक्ष पायऱ्यांवरच्या पोराला वकिलाची नोटीस पाठवतो आहे, अशी कल्पना करून बघा.

२ मे २०१५ ला हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात उतरले आणि मधल्या वर्तुळात बसून राहिले. खेळ पुढे झालाच नाही. १९५३ च्या फायनलला त्या दिवशी बरोबर ६२ वर्षं झाली होती. त्या निदर्शनांच्या आधी मैदानाबाहेरचा मॉर्टेन्सनचा पुतळा क्लबनं हलवून ठेवला होता. तो नंतर परत बसला, पण आजोबांना सगळ्यांत जास्त लागलं ते हे. "त्यानं तीन गोल केले होते," एवढंच ते म्हणत राहिले.

मग लोकांनी ठरवलं, यापुढे यांना एक पेनीही द्यायची नाही. तिकीट नाही, शर्ट नाही, आत चहासुद्धा नाही. आजोबांकडे चाळीस वर्षांहून जास्त काळ सीझन तिकीट होतं. त्यांनी ते सोडलं. पण घरी बसले नाहीत. क्लबचा सामना इथे असला की दुपारी दोन वाजता ते टँजरिन मफलर गळ्यात घालून निघायचे. तो मफलर एरवी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो, कसर लागू नये म्हणून डब्यात लव्हेंडरची पुडी. मॉर्टेन्सनच्या पुतळ्यापाशी इतर लोकांबरोबर फलक घेऊन उभे राहायचे. तीन वाजता आत शिट्टी वाजली की परत. घरी येऊन रेडिओवर उरलेली मॅच ऐकायची. कधी गोल झाला तर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज मला ऐकू यायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, आत गेलात तर निदान पोरांना हुरूप येईल. ते रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या तिकिटाच्या पैशानं ते माझंच घर पोखरताहेत. २०१७ मध्ये क्लब वेम्बलीला पुन्हा प्लेऑफ, म्हणजे वरच्या गटात चढण्यासाठीची, फायनल खेळला आणि एक्झिटरला हरवून जिंकला. २०१० मध्ये जिथे ब्लॅकपूलचे लोक दहा-दहा हजारांनी मोजावे लागले होते, तिथे या वेळी थोडकेच गेले. जिंकलेला संघ रिकाम्या खुर्च्यांना हात करत होता. सगळे बाहेर राहिले असंही नाही. आत जाणारे आणि बाहेर थांबणारे यांच्यात घराघरांत वाद झाले. माझ्या ओळखीच्या एका घरात बाप बाहेर आणि मुलगा आत, दोघं रविवारच्या जेवणाला एका टेबलावर बसत नव्हते. कुणाचं चूक होतं हे सांगायला मी कोण? दोघांचंही त्या क्लबवर प्रेमच होतं.

शेवटी कोंडी फुटली ती न्यायालयात, आणि तीही बेलोकॉन आपल्या हिश्शाच्या पैशांसाठी भांडत होते म्हणून. ६ नोव्हेंबर २०१७ ला लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की ऑयस्टन कुटुंबानं क्लब बेकायदा धुऊन नेला, आणि बेलोकॉनना ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंड देऊन त्यांचा हिस्सा विकत घ्यावा. पैसे पुरते मिळेनात, म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं क्लबवर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी, नेमला आणि ओवेन ऑयस्टन बाहेर पडले. या सगळ्यात एक गोष्ट नीट बघा. बेलोकॉन कोर्टात जाऊ शकले, कारण त्यांच्याकडे २० टक्क्यांचा कागद होता. चाळीस वर्षं तिकीट काढणाऱ्या माणसाकडे कोर्टात दाखवायला काहीच नव्हतं.

९ मार्च २०१९ ला लोक परत आत जाणार असं ठरलं. त्याच्या आधी मैदानात झाडलोट करायला गावातली माणसं स्वतःहून गेली. मीही गेले, बादली आणि घासणी घेऊन. समुद्रपक्ष्यांची घाण खुर्च्यांवर वाळून दगड झाली होती. शेजारच्या रांगेत एक बाई एकच खुर्ची घासत होती, पुन्हा पुन्हा. मी विचारलं तर म्हणाली, ही माझ्या वडिलांची, ते मधल्या काळात गेले.

सामना साउथएंडशी होता, तोही समुद्रकाठचाच क्लब. पंधरा हजारांहून जास्त लोक आले. आजोबांनी मला बरोबर नेलं होतं. जिना चढून वर आलो आणि हिरवं मैदान एकदम समोर आलं, तसे ते थांबले. मागून लोक येत होते, पण कुणी त्यांना ढकललं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला, स्वच्छ घासलेली खुर्ची पुन्हा एकदा पुसली आणि बसले. ब्लॅकपूल १-२ नं मागे होता. जादा वेळेत बरोबरीचा गोल झाला आणि लोक मैदानात धावले. बरोबरीच्या सामन्यासाठी एवढी माणसं रडताना मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

जूनमध्ये सायमन सॅडलर यांनी क्लब घेतला. ते ब्लॅकपूलचेच, लहानपणापासून याच क्लबचे, पैसा हाँगकाँगमध्ये कमावलेला. २०२१ मध्ये क्लब दुसऱ्या गटात चढला, २०२३ मध्ये परत खाली. चालायचंच. २०२२ च्या मे महिन्यात याच क्लबच्या जेक डॅनियल्स या १७ वर्षांच्या पोरानं आपण समलिंगी आहोत हे उघड सांगितलं. खेळत असताना असं सांगणारा ब्रिटनमधला पुरुष व्यावसायिक फुटबॉलपटू १९९० च्या जस्टिन फॅशनू यांच्यानंतर हाच पहिला. त्याला हे आपल्या क्लबमध्ये राहून सांगावंसं वाटलं, ही मला कुठल्याही कपाइतकी मोठी गोष्ट वाटते.

ब्लॅकपूल वाचलं, सगळे वाचले नाहीत. इथून तासाभराच्या अंतरावरचा बरी हा क्लब १३४ वर्षांचा, त्याला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांअभावी लीगमधून काढून टाकलं. अशी प्रकरणं साचत गेली, म्हणून इंग्लंडनं २०२५ च्या जुलैमध्ये कायदा केला आणि फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. क्लब घेणारा माणूस कोण, त्याचा पैसा कुठला, हे तो तपासणार. मैदान परस्पर विकता येणार नाही. क्लबचा रंग, चिन्ह बदलायचं तर प्रेक्षकांना विचारावं लागणार. हे सगळं इतक्या क्लबांचे हाल झाल्यावर, स्थापनेनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी.

आपल्याकडे असा कायदा नाही, आणि त्याची वाट बघू नका. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी ब्लॅकपूलच्या लोकांकडे कधीच नव्हती : तालीम आजही पेठेची आहे. तिथे कुणी मालक नाही. गणपतीला वर्गणी देणारी बाई आणि मैदानात उतरणारा पोरगा दोघंही तिचे सारखेच धनी. हे तुमच्या हातात आहे तोवर कागदावर आणा. तालमीची नोंदणी असेल तर घटना काढून वाचा, किती वर्षांत कुणी उघडली नसेल. पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार ते लेखी करा. शर्टावर नाव द्या, फलकावर फोटो द्या, पण रंग, नाव आणि तालमीची जागा यांतलं काही त्याच्या सहीवर अवलंबून ठेवू नका. हंगाम संपला की हिशेब तालमीच्या भिंतीवर लावा, जिंकलेल्या वर्षी तर नक्कीच. आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला "तू कोण विचारणारा" म्हणू नका.

एक विनंती पायऱ्यांवर बसणाऱ्यांना. दुसऱ्या पेठेच्या तालमीवर अशी वेळ आली तर टाळ्या वाजवू नका. त्या २०१९ च्या सामन्याला साउथएंडवाल्यांनी आमच्याबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांचा हातातला विजय गेला असूनही. पुढे थोड्याच वर्षांत त्यांच्याच क्लबवर कर्जापायी बुडायची वेळ आली.

इथे कुणी आलात तर प्रेस्टनला गाडी बदला, ब्लॅकपूल नॉर्थला उतरा. माझ्याकडे मुक्काम करा. शनिवारी तुम्हाला मैदानावर नेईन. उत्तरेकडच्या स्टँडला मॉर्टेन्सनचं, पश्चिमेच्या स्टँडला मॅथ्यूजचं आणि दक्षिणेच्या स्टँडला आर्मफील्डचं नाव आहे. आजोबा आता काठी घेऊन चालतात, पण येतात. त्यांना मी शाहू स्टेडियमच्या मॅच फोनवर दाखवते. तुमची दुपारी चारची मॅच आमच्याकडे रविवारच्या नाश्त्याला येते. आमच्या तालमीच्या संघाचा राइट आउट त्यांना फार आवडलाय, आणि हिवाळ्यात तुमचा पहिला सामना कधी आहे ते ते मला आत्तापासून विचारताहेत. वेळापत्रक लागलं की कुणीतरी कळवा.

आपली,
ब्लॅकपूलला राहणारी एक कोल्हापूरकर